शेवटच्या गाडीपासून वेळापत्रक: कष्टकरी वस्त्यांसाठी बसफेऱ्या कशा आखायच्या

सांगलीच्या काकानगरात राहणारा एखादा कामगार कुपवाड एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला आहे. पाळी रात्री अकराला सुटते आणि शेवटची बस साडेनऊला निघून गेलेली असते. दिवसभरात कितीही फेऱ्या झाल्या तरी या माणसाच्या हिशेबी बस नाहीच. येताना गाडी मिळणार नाही हे माहीत असलेला माणूस जातानाही बसची वाट बघत नाही. तो हप्त्यावर जुनी दुचाकी घेतो, कुणाच्या तरी मागे बसून जातो, नाहीतर ती पाळी सोडून देतो.

म्हणून कष्टकरी वस्तीचं वेळापत्रक शेवटच्या फेरीपासून मागे लिहीत यावं. आधी परतीची शेवटची गाडी, मग पहाटेची पहिली, मग दुपारच्या फेऱ्या आणि सगळ्यात शेवटी सकाळ-संध्याकाळची गर्दी. आगारात बहुतेक वेळा याच्या बरोबर उलटं होतं. गर्दीच्या वेळा भरल्या जातात आणि उरलेल्या गाड्या व कर्मचारी बघून कडेच्या फेऱ्या ठरतात. पुढचं सगळं सांगली-मिरज-कुपवाड डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. महापालिकेत किंवा आगारात नियोजन करणाऱ्यांना ते उपयोगी पडेल, तसंच बस मागायला जाणाऱ्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांना आणि कामगार संघटनांनाही.

एकट्या भारमानावर विसंबू नका

तिन्ही शहरांची मिळून महापालिका १९९८ साली झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ५ लाखांच्या वर होती. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २००९ च्या शहरी वाहतूक मापदंडांत वरची श्रेणी मिळवायला दर हजार लोकांमागे ०.६ बस लागते. म्हणजे आपल्याला ३०० गाड्या हव्यात. दर हजारी ०.२ च्या खाली, म्हणजे शंभराच्या आत गाड्या असतील तर शहर थेट तळाच्या श्रेणीत जातं. तीनशे गाड्या काही उद्या येणार नाहीत. तोवर हातातले किलोमीटर कुणाच्या वाट्याला घालायचे हा निर्णय रोजच होत असतो, कुणी तो ठरवून घेवो वा न घेवो.

हा निर्णय सहसा भारमानावर, म्हणजे गाडीतल्या जागांपैकी किती टक्के भरल्या त्यावर, होतो. एखाद्या फेरीचं भारमान २५ टक्के निघालं की 'मागणी नाही' असा शेरा पडतो आणि फेरी बंद होते. पण भारमान म्हणजे गाडीत चढलेल्या माणसांचं मोजमाप. गाडी कधी येईल याची खात्री नाही म्हणून वडापनं (खासगी शेअर गाडीनं) गेलेली, बाळंतिणीला तपासणीला न्यायचं टाळलेली, चार किलोमीटर चालत गेलेली माणसं त्या आकड्यात कुठंच नसतात. दोन तासांनी एक आणि तीही बेभरवशाची गाडी असेल तर भारमान कमीच येणार. त्यावरून फेरी बंद करणं म्हणजे रोप वाळलं म्हणून पाणी तोडण्यासारखं आहे.

यावर उपाय म्हणजे वर्षाच्या एकूण किलोमीटरचे सुरुवातीलाच दोन हिस्से करणं. एक हिस्सा गर्दीच्या मार्गांचा. तिथं भारमान आणि दर किलोमीटरचं उत्पन्न जरूर बघा. दुसरा हिस्सा गरजेच्या मार्गांचा. तिथं 'वस्तीतल्या किती घरांना बस पुरली, किती फेऱ्या वेळेवर झाल्या' एवढंच बघायचं. हा दुसरा हिस्सा ३० टक्क्यांच्या खाली असू नये असं आमचं मत आहे. आकडा काहीही ठरवा, पण महापालिकेच्या सभागृहात ठराव करून ठरवा. नाहीतर डिझेल महागलं की पहिली कुऱ्हाड याच फेऱ्यांवर पडते.

वस्त्या कशा शोधायच्या

२०११ च्या जनगणनेत घरात सायकल, दुचाकी, चारचाकी आहे की नाही याची प्रभागवार माहिती मिळते. ती जुनी आहे आणि प्रभाग मोठे आहेत. एकाच प्रभागात बंगल्यांची कॉलनी आणि पत्र्याची वस्ती असली की सरासरी दोन्हींबद्दल काहीच सांगत नाही. त्यापेक्षा रेशन दुकानाचा आधार घ्या. प्रत्येक दुकानाला किती पिवळी आणि किती केशरी कार्डं जोडलेली आहेत ही माहिती पुरवठा विभागाकडे असते, आणि दुकानाचा परिसर प्रभागापेक्षा लहान असतो. नकाशावर प्रत्येक दुकानाचा ठिपका मांडा, कार्डांच्या संख्येनुसार ठिपका लहानमोठा करा आणि त्यावर सध्याचे मार्ग व थांबे काढा. ठिपका मोठा आणि ५०० मीटरच्या आत थांबा नाही, अशा जागा तासाभरात समोर येतात.

अंतर सरळ रेषेत धरू नका. मध्ये रेल्वेरूळ, ओढा किंवा कारखान्याची भिंत असली की नकाशावरचे ३०० मीटर पायाखाली ९०० होतात. पुढं पावसाळा धरा. शामरावनगरसारख्या सखल, गुंठेवारीच्या भागात पाणी साचलं की उन्हाळ्यातली पाच मिनिटांची वाट जुलैत वाट उरतच नाही.

काय विचारायचं

'तुम्हाला बस हवी का?' हा प्रश्न विचारूच नका. सगळे हो म्हणतात आणि त्यातून एकही फेरी आखता येत नाही. काल काय घडलं ते विचारा. काल घरातलं कोण कोण बाहेर गेलं, किती वाजता निघालं, कुठं गेलं, कशानं गेलं, किती पैसे पडले, परत किती वाजता आलं. शेवटी एक प्रश्न आणखी: गेल्या महिन्यात कुठं जायचं होतं पण जाता आलं नाही? सिव्हिल हॉस्पिटलची तारीख, मिरजेच्या शासकीय रुग्णालयातली तपासणी, कलेक्टर ऑफिसातला दाखला, चांगल्या मजुरीचं पण लांबचं काम, हे सगळं या एका प्रश्नातून निघतं.

एका वस्तीत ३० ते ४० घरं पुरतात. वेळ संध्याकाळी सात ते नऊची ठेवा, कारण दिवसा जी माणसं घरी असतात ती बसचा सर्वांत कमी वापर करणारी. बायकांशी बायकांनीच बोलावं. पुरुषांनी विचारलं तर घरातला कर्ता उत्तर देतो आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या चार खेपा 'इथंच जवळ कामाला जाते' या एका वाक्यात बुडून जातात. ती बाई प्रत्यक्षात साडेसातला घर सोडते, विश्रामबागेत तीन घरं करून एकला परत येते, चारला पुन्हा जाते आणि सातला येते. दिवसाच्या तिच्या चार फेऱ्यांपैकी दोन ऐन दुपारी पडतात, जेव्हा वेळापत्रकात गाड्या सगळ्यांत विरळ असतात.

याच आठवड्यात वस्तीच्या तोंडाशी उभं राहून मोजणी करा. वही, घड्याळ आणि दोन माणसं बास. दर पंधरा मिनिटांचा एक रकाना, आणि त्यात किती बसमध्ये चढले, किती वडाप-शेअर रिक्षानं गेले, किती चालत निघाले, किती वाट बघून परत फिरले. पहाटे साडेचारपासून सुरुवात करा. भाजी-फळं विकणाऱ्यांना बाजारात लिलावाआधी पोचायचं असतं आणि ती माणसं सहा वाजताच्या मोजणीत सापडत नाहीत.

पोचायला लागणारा वेळ मोजा

न्याय मोजायचं आमच्या मते सगळ्यांत प्रामाणिक माप म्हणजे घराच्या उंबऱ्यापासून कामाच्या दारापर्यंतची मिनिटं. सहा-सात ठिकाणं पक्की करा: सिव्हिल, मिरजेचं शासकीय रुग्णालय, कुपवाड आणि मिरज एमआयडीसी, मार्केट यार्ड, विजयनगरचं कलेक्टर ऑफिस, विश्रामबाग. प्रत्येक वस्तीपासून प्रत्येक ठिकाणापर्यंतचा वेळ असा काढा. समजा थांब्यापर्यंत चालणं ८ मिनिटं. बस दर ४० मिनिटांनी, म्हणजे सरासरी वाट बघणं २०. प्रवास १८. स्टेशन चौकात गाडी बदलायची, तिथं वाट १५. पुढचा प्रवास २०. उतरून चालणं ६. एकूण ८७ मिनिटं.

आता बघा काय बदलता येतं. बस दर २० मिनिटांनी केली तर १० मिनिटं वाचली. तीच गाडी चौकात न संपवता पुढं नेली तर बदलाची १५ वाचली. ८७ ची ६२ झाली. रस्ता रुंद केला नाही, पूल बांधला नाही, गाडी जोरात पळवली नाही. गरिबाच्या प्रवासातला मोठा वेळ ताटकळण्यात जातो आणि तो वेळापत्रकातून कमी करता येतो. असा तक्ता सगळ्या वस्त्यांचा करा आणि ज्यांना तासाच्या वर लागतो त्यांच्यापासून काम सुरू करा.

किती गाड्या लागतील

जाण्याचा वेळ, येण्याचा वेळ आणि दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटांचा थांबा यांची बेरीज म्हणजे पूर्ण फेरा. त्याला दोन गाड्यांमधल्या अंतरानं भागायचं. धाव, म्हणजे एका बाजूचा प्रवास, ४० मिनिटांची असेल तर फेरा ९० मिनिटांचा. दर १५ मिनिटांनी गाडी हवी तर ६ गाड्या.

चूक इथं होते: ४० मिनिटं हा दुपारचा आकडा असतो. संध्याकाळी साडेसहाला सांगली-मिरज रस्त्यावर तीच धाव ४८ मिनिटांची झाली की फेरा १०६ मिनिटांचा होतो. सहा गाड्यांत १५ मिनिटांचं अंतर मग राहत नाही, १८ होतं. कागदावर १५ च असल्यानं चालक टोकावरचा थांबा सोडतो, मधले थांबे टाळतो, तरी उशीर साचत जातो आणि रात्री शेवटची फेरी 'वेळेअभावी रद्द' होते. गर्दीच्या रस्त्यावरचा उशीर असा रात्री काकानगरच्या माणसाच्या माथी पडतो. यासाठी सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशा चार वेळांची धाव वेगवेगळी मोजा, प्रत्येकी किमान पाच दिवस, त्यात आठवडा बाजाराचा एक दिवस हवाच.

वस्तीच्या लहान मार्गाला फेरा घड्याळाशी जुळवा. धाव २५ मिनिटांची असेल तर फेरा बरोबर ६० चा होतो. एका गाडीत दर तासाला, दोन गाड्यांत दर अर्ध्या तासाला. लोकांना '१० आणि ४० ला गाडी' एवढंच लक्षात ठेवावं लागतं, मोबाइलवर काही बघावं लागत नाही. धाव २७ ची झाली तर फेरा ६४ चा होतो आणि ही सगळी सोय मोडते. अशा वेळी अंतर वाढवण्याऐवजी मार्गातलं एखादं वळण कापा, जवळजवळचे दोन थांबे एक करा आणि फेरा साठात बसवा. ७ किलोमीटरच्या अशा मार्गावर पहाटे साडेपाच ते रात्री साडेदहा एक गाडी ठेवली तर १७ फेरे आणि २३८ किलोमीटर होतात, आगारातून येण्या-जाण्याचे रिकामे किलोमीटर वेगळे. चालक-वाहकांच्या दोन जोड्या लागतात. त्यांची अदलाबदल टोकावर न ठेवता जिथं त्यांना पाणी आणि स्वच्छतागृह मिळेल अशा स्थानकावर ठेवा.

पीएम ई-बस सेवा योजनेला केंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी दिली, देशभरासाठी १०,००० गाड्यांची. अशा योजनेतून इलेक्ट्रिक बस आली तर एक गोष्ट आधीच बघून ठेवावी लागते. दिवसभराचं अंतर एका चार्जिंगमध्ये होत नसेल तर गाडी दुपारी चार्जिंगला जाते, आणि धुणीभांडीवाल्या बायकांची परतीची वेळ नेमकी तीच. चार्जिंगच्या पाळ्या लावताना गर्दीच्या मार्गावरची गाडी आधी काढा. तिथं मागून दुसरी येत असते.

गाडी कमी पडली तर कोणती फेरी रद्द करायची

वाटलं तर बाकीचं सगळं सोडा, पण हे एवढं लिहून भिंतीवर लावा. कोणत्याही आगारात रोज काही गाड्या नादुरुस्त असतात, काही कर्मचारी गैरहजर असतात. पहाटे साडेचारला वाहतूक नियंत्रकासमोर दोन गाड्या कमी असतात आणि त्याला काही मिनिटांत ठरवायचं असतं. लेखी सूचना नसेल तर तो जिथं बोंब कमी होईल ती फेरी रद्द करतो. वस्तीच्या फेरीला थांबलेल्या बारा माणसांची बोंब होत नाही. सांगली-मिरज मार्गावर पन्नास जण खोळंबले तर लगेच फोन येतात.

हिशेब मात्र उलटा आहे. दर १५ मिनिटांच्या मार्गावर एक फेरी गेली तर प्रत्येकाचा १५ मिनिटांचा उशीर होतो. दर ९० मिनिटांच्या मार्गावर एक फेरी गेली तर खाडा पडतो, दिवसाची मजुरी जाते. म्हणून नियम असा लिहा: दोन गाड्यांमधलं अंतर सगळ्यांत कमी असलेल्या मार्गावरची फेरी आधी रद्द होईल. दिवसाची पहिली आणि शेवटची फेरी कोणत्याही मार्गावर रद्द होणार नाही. एकच गाडी असलेल्या मार्गाची सलग दुसरी फेरी रद्द करायची वेळ आली तर वरिष्ठांची परवानगी लागेल. ठेकेदाराकडून सेवा घेत असाल तर करारात चुकलेल्या शेवटच्या फेरीचा दंड नेहमीच्या फेरीच्या तिप्पट धरा. किलोमीटरमागे पैसे मिळणाऱ्या ठेकेदाराला एरवी सगळे किलोमीटर सारखेच.

रस्ता आणि थांबा

मार्ग मंजूर करण्याआधी रिकामी गाडी प्रत्यक्ष नेऊन बघा, एकदा सकाळी आणि एकदा रात्री आठनंतर, जेव्हा दोन्ही बाजूंना वाहनं लागलेली असतात. १२ मीटरच्या गाडीला जागीच वळायला सुमारे २४ मीटर व्यासाची जागा लागते. वस्तीत ती मिळत नाही. ९ किंवा ७ मीटरची गाडी घ्या, किंवा एका गल्लीतून आत आणि दुसरीतून बाहेर असा फेर आखा. लोंबकळत्या वायरी, ड्रेनेजसाठी खोदलेला चर आणि उंच गतिरोधक या तीन गोष्टींनी सुरू झालेली बस आठवड्यात बंद पडते. तेव्हा बांधकाम आणि विद्युत विभागाचा माणूस त्या चाचणी फेरीत गाडीतच बसवा.

सगळ्या गाड्या वस्तीत वळवायचा आग्रह मात्र धरू नये. गाडीतल्या चाळीस जणांचे सहा-सहा मिनिट घालवून तीन जणांचं चालणं वाचवलं तर पुढच्या महिन्यात त्या चाळिसांतलेच काही गाडी सोडतात. तिथं मुख्य रस्त्यापर्यंतची वाट नीट करणं, दिवे लावणं जास्त उपयोगाचं. थांब्याचं छत नंतर झालं तरी चालेल. आधी दिवा, पाटी आणि पाटीवर पहिल्या-शेवटच्या गाडीची वेळ. अंधाऱ्या थांब्यावर बाई एकटी उभी राहत नाही, मग रात्रीची फेरी कितीही नीट आखलेली असो.

वडापवाल्यांशी भांडण काढू नका. बसच्या दोन मिनिटं आधी निघून तो प्रवासी उचलतो हे खरं, पण बस नव्हती तेव्हा वस्ती त्यानंच चालवली आणि त्याचं घरही त्याच वस्तीत असतं. जिथं बस शिरत नाही त्या गल्ल्यांतून थांब्यापर्यंतच्या खेपा त्यांच्याकडे राहू द्या.

तिकीट

एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं. अंतर कमी असलं तरी गाडी बदलली की किमान भाडं दुसऱ्यांदा पडतं, आणि गाडी बदलावी लागते ती कडेच्या वस्तीतल्या माणसाला. उदाहरणादाखल किमान तिकीट १० रुपये धरा. दोन गाड्या जाताना, दोन येताना, म्हणजे रोजचे ४० आणि २६ दिवसांचे १,०४० रुपये. पहिल्या तिकिटावर ९० मिनिटांत दुसरी गाडी चालेल एवढी सोय केली की हे निम्म्यावर येतं. तिकिटावर वेळ छापलेली असतेच.

एसटीच्या मासिक पासात २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस प्रवास होतो. २६ दिवस कामावर जाणाऱ्याला तो परवडतो. नाक्यावर उभं राहून महिन्यात पंधरा दिवस काम मिळणाऱ्याला तो तोट्याचा, शिवाय एकरकमी पैसे नसतात. रोजंदारीवाल्यांसाठी आठवड्याचा किंवा दहा फेऱ्यांचा पास काढा आणि तो गाडीतच द्या, कार्यालयाच्या रांगेत नको. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, तिची भरपाई राज्य सरकार करतं. शहरातल्या कोणत्या गाडीला ती लागू आहे हे आगाराकडून लेखी घ्या. महापालिकेची स्वतःची सेवा येणार असेल तर या सवलतीचे पैसे कोण भरणार हे निविदेच्या आधी ठरलं पाहिजे.

पुराचं वेळापत्रक वेगळं

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७.५ फुटांवर गेलं. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर, इनामदार प्लॉट या भागांत पाणी आधी शिरतं, आणि कष्टकरी घरंही तिथंच जास्त. पुराच्या आठवड्यात ही माणसं निवारा केंद्रात असतात, पण मजुरी बुडू नये म्हणून कामावर जायची धडपड करतात. मे महिन्यातच कागद तयार ठेवा: ३५ फुटांना कोणत्या गाड्या वळवायच्या, ४० फुटांना कोणते थांबे बंद, निवारा केंद्रांपासून एमआयडीसी आणि रुग्णालयांकडे कोणत्या फेऱ्या. नदीकाठच्या मार्गांच्या मोकळ्या झालेल्या गाड्या याच फेऱ्यांना लावायच्या. पाणी ओसरल्यावर पहिल्या दिवसापासून मूळ फेरी सुरू झाली पाहिजे, कारण घर धुवायला, पंचनाम्याला माणसं तेव्हाच परतत असतात.

सुरू केल्यानंतर

नवी फेरी जूनमध्ये, शाळांबरोबर सुरू करा. एप्रिल-मेमध्ये सुरू केलेल्या फेरीचं भारमान सुट्टीमुळे पडतं आणि तो आकडा तिच्या कपाळी चिकटतो. सहा महिने फेरी बंद करण्याचा विषय काढायचा नाही. बसवर विश्वास बसला की माणूस पाळी बदलतो, काम बदलतो, आणि त्याला वेळ लागतो. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे मोठ्या बससंस्थांना मार्गात मोठा फेरबदल करण्याआधी त्याचा भार कोणत्या समाजावर पडेल ते तपासून कागदावर मांडावं लागतं. आपल्याकडे तशी सक्ती नाही, पण फेरी बंद करायच्या प्रस्तावाला 'या फेरीचे प्रवासी कोण, त्यांना दुसरी गाडी कोणती, तिला किती मिनिटं जास्त' असं एक पान जोडायला कुणाची हरकत नसावी.

वस्तीनं स्वतःची नोंद ठेवावी. थांब्याजवळच्या टपरीवर एक वही, त्यात गाडी आली ती वेळ किंवा 'आली नाही'. महिन्याच्या शेवटी ही वही आणि आगाराची नोंद शेजारी ठेवून बघा. आगाराची नोंद मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात 'बससेवेची माहिती' असं मोघम मागू नका. मार्ग, तारीख, फेरीची वेळ, फेरी झाली की रद्द, रद्द असल्यास कारण, असे पाच रकाने आखून तेवढंच मागा.